प्रश्न चौथा, गुण दहा

चोपड्याच्या विधी महाविद्यालयात संध्याकाळी
मी करार शिकवते, आणि अपकृत्य.
अकरा वर्षांत माझ्या डोक्यात एक गाव वसलंय,
तिथल्या माणसांना नावं नाहीत.
अ ब ला म्हैस विकतो, गाभण आहे म्हणून. नसते.
क पडतो ड च्या विहिरीत. कठडा नसतो.
ई सोनाराकडे पाटल्या मोडायला टाकते
आणि पावती घेत नाही, इतकी वर्षं सांगूनही.
या गावात कुणी म्हणत नाही, जाऊ दे रे भो.
मिटवून टाकलं तर मी विचारू काय?

गावाबाहेर कुठेतरी राहतो तो सुजाण माणूस,
ज्याच्या मापाने सगळ्यांची हयगय मोजायची.
पुस्तकात त्याचा पत्ता नाही.
मी शोधलाय त्याला:
एसटी स्टँडवर, केळीच्या वजनकाट्यावर,
भरिताच्या पार्टीत, जिथे वांगी भाजणारा
पेटलेली पऱ्हाटी हातानेच सारखी करतो
आणि बोटं कानाच्या पाळीला लावून हसतो.
सुजाण माणूस कूलरला अर्थिंग करून घेतो.
आमच्याकडे नाही. हे म्हणतात,
चप्पल घालून हात लावत जा.

मे महिना, दुपारचे तीन, बेचाळीस पेपर.
*अ ने ब च्या केळी पिकवण्याच्या खोलीत
एक ट्रक माल ठेवला. रात्री वीज गेली.
पहारेकरी क झोपला होता. सकाळी माल काळा.
जबाबदारी कोणाची? सकारण लिहा.*

हे मला रावेरच्या मेहुण्यांनी सांगितलेलं,
शेवभाजीत भाकरी चुरता चुरता.
मी त्यातली माणसं काढली
आणि तथ्यं ठेवली, थोडक्यात.

मुलं बरी लिहितात. निक्षेप म्हणतात,
नोकराच्या चुकीला मालक जबाबदार म्हणतात,
एकाने वीज मंडळालाही ओढलंय कोर्टात,
त्याला अर्धा गुण जास्त, धाडसाचा.

मग गोरख उखा कोळी.
अक्षर टपोरं, समास आखलेला,
कलमं बिनचूक. तिसऱ्या पानावर मधेच
पेन जोरात दाबलेलं:

मॅडम, हाऊ क झोपेल नव्हता.
तो डिझल लेवाले गयथा.
जनरेटरमा डिझल नव्हतं,
शेठले दोन डाव सांगेल व्हतं.

यावर एक आडवी रेघ.
पट्टीने मारलेली, सरळ. खालचं सगळं वाचता येतं.
आणि पुढल्या ओळीत, पुन्हा प्रमाण मराठीत:
*सबब, दिलेल्या तथ्यांवरून
क हा निष्काळजी ठरतो.*

मी पंखा वाढवला. तो वाढेना.
मेहुण्यांनी नाव सांगितलं होतं की तेव्हा.
कोळ्यांचा उखा, असं म्हणाले होते,
साधा माणूस, त्याचा पगार कापला सहा महिने.
त्याचा क मीच केला.
झोप कुठून आली त्याला, आठवत नाही.
बहुतेक मीच घातली,
प्रश्न सुटायला सोपा जावा म्हणून.

प्रश्नाबाहेरची तथ्यं धरायची नाहीत,
हे पहिल्याच तासाला सांगते मी वर्गात.
खोडलेलं तपासू नये, हा विद्यापीठाचा नियम.
उत्तर बरोबर आहे. सकारण आहे.
दहापैकी आठ.
सुजाण माणसानेही आठच दिले असते, बहुधा.
समासात लिहिलं, 'आधार द्यावा',
मग ते खोडलं. माझी रेघ वाकडी आली.

उठले. कूलरमधलं पाणी संपलं होतं,
नुसतीच गरम हवा फेकत होता.
बादली भरून आणली,
आणि ओतायच्या आधी
बटण बंद केलं.